मधल्या फळीतली डेटा ईस्ट

जून २००३मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने डेटा ईस्ट कॉर्पोरेशनला दिवाळखोर ठरवलं. कंपनीने नवे गेम काढणं त्याआधीच थांबवलं होतं. १९९९पासून तिची पुनर्रचना सुरू होती. जुन्या खेळांचे हक्क इतरांना वापरायला देऊन चार पैसे मिळत होते आणि जोडीला हवेत ऋण आयन सोडणारी उपकरणं विकली जात होती. शिताके अळंबी विकण्याचा उद्योगही मध्यंतरी करून झाला होता. एके काळी अमेरिकेतल्या बारमध्ये, बोलिंग ॲलीत आणि मॉलमधल्या आर्केडमध्ये जिची यंत्रं हमखास दिसत, त्या कंपनीचा शेवट असा झाला.

व्हिडिओ गेमचा इतिहास लिहिताना जपानमधून निन्टेन्डो, सेगा, नामको, कॅपकॉम ही नावं आधी येतात, आणि ते योग्यच आहे. पण धंद्याच्या सवयी आणि नियम पुष्कळदा मधल्या फळीत ठरतात. तिथल्या कंपन्यांकडे मारिओ किंवा सोनिकसारखं हुकमी पात्र नसतं, मोठं भांडवल नसतं. मग त्या नवं तंत्र घाईने बाजारात आणतात, चाललेल्या खेळाची नक्कल करतात, दुसऱ्याचं प्रसिद्ध नाव भाड्याने घेतात आणि वेळ आली की कोर्टाची पायरीही चढतात. डेटा ईस्टने २७ वर्षांत यातलं सगळं केलं. त्यातलं स्वतःचं किती, उसनं किती आणि शेवटी टिकलं काय, हे पाहिलं की या धंद्याची रचना चांगली कळते.

विटा फोडण्यापासून सुरुवात

कंपनी एप्रिल १९७६मध्ये स्थापन झाली. संस्थापक तेत्सुओ फुकुदा तोकाई विद्यापीठात शिकलेले. मुख्यालय टोकियोच्या सुगिनामी भागात होतं. नाणं टाकून खेळायच्या यंत्रांच्या धंद्यात तेव्हा उलथापालथ चालली होती. अटारीचा ‘ब्रेकआउट’ १९७६चा, तर टायटोचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ १९७८चा. या दोन खेळांनी जपानमधल्या कॅफे आणि करमणूक केंद्रांचा नूर पालटला. चाललेल्या खेळासारखा खेळ महिन्या-दोन महिन्यांत बाजारात आणण्याचं कौशल्य ज्यांच्याकडे होतं, त्यांना पैसा मिळत होता. डेटा ईस्टचा १९७८चा ‘सुपर ब्रेक’ उघडउघड ब्रेकआउटच्या वाटेने गेला होता. पुढचा ‘ॲस्ट्रो फायटर’ स्पेस इन्व्हेडर्सच्या जातकुळीचा. त्या काळी यात कुणाला फारसं गैर वाटत नसे. पडद्यावरच्या खेळावर कॉपीराइट कसा आणि कुठपर्यंत लागतो, हे अजून ठरायचं होतं. ते ठरवण्यात पुढे याच कंपनीचा हात लागणार होता.

एक निर्णय मात्र वयाच्या मानाने धाडसी होता. १९७९मध्ये, स्थापनेनंतर तीनच वर्षांत, डेटा ईस्टने कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारात शाखा उघडली. ती पुढे सॅन होजेला गेली. अनेक जपानी कंपन्या आपले खेळ अमेरिकी कंपन्यांना परवान्यावर देत आणि रॉयल्टीवर समाधान मानत. डेटा ईस्टनेही ते केलं, पण अमेरिकेत स्वतःची माणसं, स्वतःचं विक्रीखातं आणि पुढे स्वतःचा कारखानाही उभा केला. तिची पुढची कहाणी निम्म्याहून अधिक अमेरिकेत घडते, त्याचं मूळ इथे आहे.

टेपवरचे खेळ

आर्केडमालकाची जुनी तक्रार एकच. महागडं यंत्र घ्यावं, चार-सहा महिन्यांत पोरांना त्या खेळाचा कंटाळा यावा आणि ते अख्खं धूड गोदामात टाकावं लागावं. पडदा, लाकडी खोकं, जॉयस्टिक, नाण्यांची पेटी हे सगळं चांगल्या स्थितीत असतं. शिळा झालेला असतो तो फक्त आतला खेळ. १९८०मध्ये डेटा ईस्टने यावर ‘डेको कॅसेट सिस्टिम’ आणली. यंत्र एकदाच घ्यायचं, नवा खेळ हवा असेल तेव्हा फक्त टेपची कॅसेट आणि तिच्यासोबतची सुरक्षा-चावी विकत घ्यायची. आपल्याकडे पुढे घरगुती व्हिडिओ गेमच्या कार्ट्रिजला कॅसेटच म्हटलं गेलं, पण डेकोमध्ये खरोखरच चुंबकीय टेप होती. यंत्र सुरू केलं की काही मिनिटं टेप फिरून खेळ मेमरीत उतरे, आणि चावी जोडलेली नसेल तर तो चालत नसे.

कल्पना बिनतोड होती. खेळ बदलता येणारी आर्केड यंत्रप्रणाली व्यापारी पातळीवर आणणाऱ्यांत डेटा ईस्ट अगदी पहिल्या रांगेत बसते. अडचण आली ती रोजच्या वापरात. टेप झिजत, लोहचुंबकाच्या संपर्काने पुसल्या जात, आणि गर्दीच्या वेळी यंत्र पुन्हा सुरू करायचं तर गिऱ्हाईक ताटकळे. त्यात कॅसेटवर आलेले बरेच खेळ बेताचे होते. स्वस्तात बदलता येतो म्हणून खेळही स्वस्तातला चालेल, असा समज आर्केडमधली पोरं पहिल्याच आठवड्यात मोडून काढतात. १९८०च्या दशकाच्या मध्याला ही प्रणाली मागे पडली.

तरी याच टेपवर कंपनीचा सर्वांत लाडका खेळ जन्माला आला. १९८२चा ‘बर्गर टाइम’, जपानमध्ये मूळ नाव ‘हॅम्बर्गर’. पीटर पेपर नावाचा आचारी शिड्या चढतो-उतरतो आणि अवाढव्य पाव, कोशिंबिरीची पानं, मांसाच्या टिक्क्या यांवरून चालत जाऊन त्या खाली पाडतो. सॉसेज, अंडं आणि लोणच्याची काकडी त्याच्या मागे लागतात. त्याच्या हाती फक्त मिरपूड. नियम एका नजरेत कळतात, पण कधी पळायचं आणि कधी शत्रूंना पावावर ओढून एकदम खाली न्यायचं, हे जमायला बरीच नाणी खर्च होतात. अमेरिकेत तो बॅली मिडवेने परवान्यावर आणला, घरगुती यंत्रांवरही तो पोचला. निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवरची आवृत्ती नामकोने काढली. १९९०च्या दशकात महाराष्ट्रातल्या घरांत टीव्हीला जोडायचे जे स्वस्त व्हिडिओ गेम आले, त्यांच्या ‘एकात अनेक’ कॅसेटींत या आवृत्तीची विनापरवाना प्रत अनेकदा सापडे. कंपनीचं नाव कधी न ऐकलेली एक पिढी आपल्याकडेही तिचा खेळ खेळून मोठी झाली, आणि त्याचा एक पैसाही कंपनीला मिळाला नाही.

कराटेचा सामना कोर्टात

१९८४चा ‘कराटे चॅम्प’ बनवला टेक्नोसने, बाजारात आणला डेटा ईस्टने. प्रत्येक खेळाडूला दोन जॉयस्टिक. बटण एकही नाही. दोन्ही काठ्यांच्या जोड्या जुळवून लाथा, ठोसे, उड्या मारायच्या. समोरासमोर दोन लढवय्ये, मागे पंच, अर्धा आणि पूर्ण गुण. पुढच्या दशकात आर्केडवर राज्य करणाऱ्या एकास एक लढतींच्या खेळांचा पाया घालणाऱ्यांत तो गणला जातो. अमेरिकेत तो जोरात चालला.

मग एपिक्स या अमेरिकी कंपनीने कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी ‘वर्ल्ड कराटे चॅम्पियनशिप’ आणला. डेटा ईस्टने कॉपीराइटभंगाचा दावा लावला आणि खालच्या न्यायालयात जिंकला. दोन्ही खेळांत एकसारख्या गोष्टींची यादी लांब होती: लढवय्यांचे पांढरे आणि लाल पोशाख, पंच, गुणांची पद्धत, त्याच त्या लाथा. १९८८मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल फिरवला. तिथल्या न्यायाधीशांचं म्हणणं थोडक्यात असं: ही साम्यं एका कंपनीच्या कल्पनाशक्तीतून आलेली नाहीत, ती कराटे या खेळातूनच आलेली आहेत. कराटेवर गेम करायचा म्हटलं की पंच आणि लाथा येणारच. उरलेल्या भागाकडे, म्हणजे पार्श्वभूमी, गुणफलक आणि चित्रांकडे, पाहिलं तर फरक दिसतो. कमोडोरचा सरासरी गिऱ्हाईक म्हणून खालच्या न्यायालयाने धरलेला साडेसतरा वर्षांचा चाणाक्ष मुलगा या दोन खेळांत घोटाळा करणार नाही, असं या निकालाने बजावलं.

डेटा ईस्टचं नुकसान झालं, पण हरलेला दावा पाच वर्षांनी तिच्याच कामी आला. १९९१मध्ये कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर २’ने आर्केडला नवा जीव दिला होता. १९९३मध्ये डेटा ईस्टने ‘फायटर्स हिस्टरी’ आणला, आणि त्यातली पात्रं, त्यांचे डाव, ते डाव टाकायच्या जॉयस्टिकच्या हालचाली पाहून कॅपकॉमचं पित्त खवळलं. या वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात डेटा ईस्ट होती. १९९४मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात न्यायाधीश विल्यम ऑरिक यांच्यापुढे कॅपकॉमने मनाईहुकूम मागितला. काही पात्रं आणि काही डाव सारखे आहेत हे न्यायालयाने मान्य केलं. मात्र स्ट्रीट फायटरमधल्या पुष्कळशा गोष्टी खुद्द मार्शल आर्टच्या आणि या प्रकारच्या खेळांच्या सामायिक साठ्यातल्या आहेत, त्यांवर कुणा एकाची मालकी नाही, असं म्हणून मनाई नाकारली. कराटे चॅम्पच्या वेळी जे तत्त्व कंपनीच्या अंगावर आलं, तेच आता तिची ढाल झालं.

दोन्ही प्रकरणांत नैतिक विजय कुणाचा, याचं उत्तर सरळ नाही. पहिल्यात डेटा ईस्टचा माल खरोखर नवा होता आणि ती हरली. दुसऱ्यात तिने अनुकरण केलं होतं आणि ती सुटली. कायद्याने मात्र दोन्ही वेळा एकच रेघ ओढली: खेळाची कल्पना सगळ्यांची, तिचं विशिष्ट रूप ज्याचं त्याचं. व्हिडिओ गेममधल्या नक्कलेवर वाद होतो तेव्हा आजही हे दोन निकाल काढून वाचले जातात.

शिकागोचा कारखाना

कंपनीच्या इतिहासातलं सर्वांत अनपेक्षित प्रकरण पिनबॉलचं. काचेखालची उतरती फळी, पोलादी गोळी आणि ती परतवायला खाली दोन फ्लिपर. या यंत्राचं माहेर अमेरिकेतलं शिकागो. गॉटलिब, बॅली, विल्यम्स हे सगळे कारखाने त्याच शहरात आणि आसपास. जपानमध्ये पोलादी गोळ्यांचा दुसरा खेळ, पाचिन्को, आधीपासून घट्ट रुजला होता. सेगाने १९७०च्या दशकात जपानमध्ये पिनबॉल यंत्रं बनवली, पण त्या दशकापलीकडे तो उद्योग टिकला नाही. अमेरिकेतही पिनबॉलचं नशीब वरखाली होत राहिलं. जुगाराचं साधन म्हणून न्यू यॉर्क शहराने १९४०च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यावर घातलेली बंदी उठली १९७६मध्ये, आणि लगोलग व्हिडिओ गेमची लाट आली. १९८०च्या दशकाच्या मध्याला पिनबॉल म्हणजे संपत आलेला धंदा, असं बहुतेकांचं मत होतं.

नेमक्या त्या वेळी डेटा ईस्ट त्यात उतरली. गॅरी स्टर्न हे पिनबॉलच्या घराण्यातले. वडील सॅम स्टर्न विल्यम्स कंपनीत भागीदार होते. बापलेकांची स्टर्न इलेक्ट्रॉनिक्स १९८०च्या दशकाच्या मध्याला बंद पडली, तेव्हा गॅरी यांनी पिनस्टार नावाने पुन्हा जुळवाजुळव केली. १९८६मध्ये डेटा ईस्टने ती घेतली आणि ‘डेटा ईस्ट पिनबॉल’ सुरू झाली. पैसा आणि नाव टोकियोचं, कारागीर आणि सूत्रधार शिकागोचे. व्हिडिओ गेमच्या कंपनीने व्हिडिओ गेमनेच मोडकळीला आणलेला धंदा विकत घ्यावा, हे वरवर विचित्र दिसतं. पण आर्केडमालक दोन्ही यंत्रं एकाच वितरकाकडून घेत. वितरणाची साखळी तयार असलेल्या कंपनीला ती दुसऱ्या मालासाठी वापरणं सोपं होतं.

पहिलं यंत्र १९८७चं ‘लेझर वॉर’. त्यात स्टिरिओ डिजिटल आवाज होता, पिनबॉलमध्ये पहिल्यांदाच. १९९१च्या ‘चेकपॉइंट’मध्ये ठिपक्यांचा पडदा, म्हणजे डॉट मॅट्रिक्स डिस्प्ले आला; हाही पिनबॉलमधला पहिला. त्याआधी यंत्राच्या माथ्यावर फक्त आकडे आणि अक्षरं उमटत. ठिपक्यांच्या पडद्याने छोटी चलचित्रं दाखवता येऊ लागली, मधूनच छोटे व्हिडिओ गेमही घालता आले. विल्यम्ससारख्या मोठ्या स्पर्धकाकडेही अशा पडद्याचं काम चालू होतंच आणि त्याने तो अधिक मोठा वापरला. पण बाजारात आधी उतरली मधल्या फळीतली कंपनी. गमावण्यासारखं कमी असलं की असा धोका पत्करणं सोपं जातं.

त्याहून मोठा ठसा उमटला तो नावांच्या निवडीचा. चित्रपट किंवा बँडच्या नावाचं पिनबॉल डेटा ईस्टने शोधलं नाही. बॅलीने ते १९७०च्या दशकातच यशस्वी केलं होतं. डेटा ईस्टने त्याला धोरण बनवलं. रोबोकॉप, बॅक टु द फ्यूचर, सिम्प्सन्स, टीनेज म्युटंट निन्जा टर्टल्स, बॅटमॅन, स्टार ट्रेक, लीथल वेपन ३, स्टार वॉर्स, जुरासिक पार्क. ‘द सिम्प्सन्स’चं यंत्र १९९०मध्ये आलं, मालिका सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. १९९३च्या जुरासिक पार्कमध्ये टी-रेक्सचं डोकं खाली वाकून गोळी जबड्यात धरतं. गन्स एन’ रोझेसचा गिटारवादक स्लॅश स्वतः पिनबॉलवेडा. १९९४चं त्या बँडचं यंत्र त्याने आखणीत भाग घेऊन घडवलं. डिझाइन विभागाचे प्रमुख जो कॅमिन्काव यांना या मार्गाचं महत्त्व पुरतं उमगलं होतं. बारमधल्या गिऱ्हाइकाला नव्या यंत्राचे नियम ठाऊक नसतात, पण ओळखीचा चेहरा दिसला की तो पहिलं नाणं टाकतो. पडद्यावरचं चित्र आणि चित्रपटातला आवाज त्याला दुसरं नाणं टाकायला लावतात. तंत्र आणि परवाना इथे एकमेकांना पूरक ठरले.

विक्रीत डेटा ईस्ट पहिल्या क्रमांकावर कधीच आली नाही. १९९२च्या बॅलीच्या ‘ॲडम्स फॅमिली’ची २० हजारांहून अधिक यंत्रं बनली, डेटा ईस्टच्या त्याच वर्षीच्या ‘स्टार वॉर्स’ची साधारण त्याच्या निम्मी. तरी ती पिनबॉलमधल्या मोजक्या जिवंत कारखान्यांपैकी एक होती, आणि टोकियोच्या मूळ कंपनीपेक्षा हा कारखाना अधिक सशक्त निघाला.

उसन्या नावांचा हिशेब

तिकडे व्हिडिओ गेममध्येही तीच नीती चालू होती. १९८८चा ‘रोबोकॉप’ आर्केडमध्ये जोरदार चालला. चित्रपटाचे गेमचे हक्क मुळात ओशन या ब्रिटिश कंपनीकडे होते. डेटा ईस्टने ते तिच्याकडून घेतले. त्याच वर्षीच्या ‘बॅड ड्यूड्स व्हर्सेस ड्रॅगननिन्जा’त निन्जांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला पळवलेलं असतं. जपानी कंपनीने अमेरिकी आर्केडच्या तोंडची चव ओळखून केलेला तो मसालापट होता. स्वतःचं म्हणावं असं पात्र होतं ते कार्नोव्ह: टकला, मिशाळ, तोंडातून आगीचे गोळे सोडणारा दांडगा पहिलवान. १९८७मध्ये त्याच्या नावाचा खेळ निघाला आणि नंतर तो कंपनीच्या इतर खेळांतही डोकावू लागला. पण त्याच्या तोंडवळ्यावर लहान मुलांची खेळणी आणि डबे विकले जाण्यातले नव्हते.

१९९०मध्ये एसएनकेने निओ जिओ एमव्हीएस आणलं. एकच यंत्र, आत बदलता येणारी कार्ट्रिज. डेकोची दहा वर्षांपूर्वीची कल्पना, टेपची दुखणी वगळून. पुढे डेटा ईस्टने आपले खेळ याच यंत्रासाठी बनवले: ‘फायटर्स हिस्टरी डायनामाइट’, ‘विंडजॅमर्स’, ‘मॅजिकल ड्रॉप’चे पुढचे भाग. चांगल्या यंत्रप्रणालीची दिशा जिने दाखवली, ती आता दुसऱ्याच्या यंत्रावर भाडेकरू होती.

१९९०च्या दशकाच्या मध्याला आर्केडची गणितं बदलली. त्रिमितीय चित्रांच्या यंत्रांना लागणारा संशोधन-खर्च सेगा आणि नामकोला पेलत होता, मधल्या कंपन्यांना नाही. घरोघरी प्लेस्टेशन आलं आणि आर्केडमध्ये जाण्याचं कारणच पातळ होऊ लागलं. १९९४मध्ये डेटा ईस्टने पिनबॉलचा कारखाना सेगाला विकला. पाच वर्षांत सेगाही त्यातून बाहेर पडली आणि १९९९मध्ये गॅरी स्टर्न यांनी तो घेऊन स्टर्न पिनबॉल सुरू केली. त्याच वर्षी विल्यम्सने पिनबॉल बंद केलं. पाटी तीनदा बदलली, सूत्रं मात्र त्याच माणसाच्या हाती राहिली, आणि जगातला एकमेव मोठा पिनबॉल कारखाना उरला तो हा. त्याच १९९९मध्ये डेटा ईस्ट पुनर्रचनेसाठी न्यायालयाच्या दारात उभी होती.

टिकलं ते काय

२००४मध्ये जी-मोड या मोबाइल गेम बनवणाऱ्या जपानी कंपनीने डेटा ईस्टच्या बऱ्याचशा खेळांचे हक्क घेतले. २०१९मध्ये ‘बर्गर टाइम पार्टी’ निघाला. डॉटइमू या फ्रेंच कंपनीने आधी ‘विंडजॅमर्स’ पुन्हा काढला आणि २०२२मध्ये त्याचा दुसरा भाग आणला. मूळ खेळानंतर २८ वर्षांनी. रोबोकॉप किंवा स्टार वॉर्सच्या यंत्रांचं असं सहज पुनरुज्जीवन होत नाही, कारण दर वेळी चित्रपटाच्या हक्कधारकांशी नव्याने व्यवहार करावा लागतो. जे खेळ विक्रीच्या वेळी सर्वांत भरवशाचे होते, ते वारशात सर्वांत कटकटीचे ठरले.

यावरून उसनं नाव घेणं चूक होतं असा निष्कर्ष काढणं मात्र एकांगी होईल. परवान्यांच्या त्या सवयीनेच शिकागोचा कारखाना तगला. स्टर्नने पुढे बॅटमॅन, स्टार वॉर्स, जुरासिक पार्क, निन्जा टर्टल्स या विषयांवर नव्याने यंत्रं काढली, म्हणजे डेटा ईस्टचीच यादी पुन्हा गिरवली. उसन्या नावांनी धंदा जगवला, स्वतःच्या नावांनी कंपनीची आठवण जगवली. दोन्ही कामं एकाच मालाकडून होत नाहीत, आणि मधल्या फळीतल्या कंपनीकडे दोन्हींसाठी पुरेसं भांडवल क्वचितच असतं.

तिसरी गोष्ट मात्र कुठल्याही लिलावात विकता आली नसती. खेळाची कल्पना मोकळी राहील, हे डेटा ईस्टने एकदा हरून आणि एकदा जिंकून कायद्याच्या पुस्तकात नोंदवून घेतलं. कराटे चॅम्पनंतरच्या तमाम लढतींच्या खेळांनी ही मोकळीक वापरली आहे, आणि त्यांत कॅपकॉमचा स्ट्रीट फायटरही येतो.